उंची एकदा, घेर दोनदा

अनसूयाबाईंनी माझ्याशी ओळख केली ती माझ्या गळ्यातली टेप ओढून. हैदराबादेत गौलीगुड्याच्या आमच्या मराठी मुलींच्या शाळेत मी शिवणाची बाई म्हणून लागले, तो माझा पहिलाच दिवस होता. शिक्षिकांच्या खोलीत मी नवखेपणानं भिंतीला टेकून बसले होते आणि शाळेच्या मावशींनी माझ्यापुढे पितळेच्या पेल्यात पाणी आणून ठेवलं होतं. तेवढ्यात एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेली बाई तरातरा आत आली. तिनं आधी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाली, "तुम्ही शिवणाच्या ना? मग सांगा, या पेल्याची उंची जास्त का घेर जास्त?"

पेला चांगला उंच, सडपातळ होता. मी म्हटलं, "उंची. त्यात काय विचारायचं?" बाकीच्या बायका पदराआड हसायला लागल्या. या पेल्यापुढे त्या सगळ्यांची आधीच फजिती होऊन गेली होती, हे मला नंतर कळलं. अनसूयाबाईंनी टेप पेल्याभोवती गुंडाळली, बोटानं खूण धरली आणि तीच टेप पेल्याच्या बाजूला उभी लावली. घेर पेल्याच्या डोक्यावरून चांगला चार बोटं वर गेला. "पाहिलंत? डोळा उंचीला भुलतो. माणसाची खोडच आहे ती!" असं म्हणून त्यांनी पेल्यातलं पाणी घटाघटा स्वतःच पिऊन टाकलं, टेप स्वतःच्या गळ्यात टाकली आणि नववीच्या वर्गावर निघून गेल्या. टेप मला पुढच्या आठवड्यात परत मिळाली, तीही फुटाण्यांचा वास घेऊन.

फुटाणे हा त्यांच्या गणिताचा आवश्यक भाग होता. वर्तमानपत्राचं एक पान घ्यायचं, ते उभं गुंडाळून एक नळी करायची. तसंच दुसरं पान आडवं गुंडाळून दुसरी नळी करायची. एक उंच, सडसडीत, दुसरी बुटकी, ढेरपोटी. "कागद तोच, मग फुटाणेही तेवढेच मावणार, हौ का नाही?" त्या विचारत. सगळा वर्ग "हौ!" म्हणून ओरडे. मग उंच नळी फुटाण्यांनी भरायची, ती बुटकीच्या आत उभी करायची आणि अलगद वर ओढून घ्यायची. फुटाणे खाली बसत आणि बुटकीचा गळा रिकामाच राही. मुली अवाक होत. अनसूयाबाई तर दरवर्षी हा प्रयोग करून दरवर्षी स्वतःच अवाक होत. "बघा, बघा गं! कागद तोच आहे, फक्त गुंडाळी बदलली!" त्यांचे डोळे असे चमकत, जणू ही गोष्ट त्यांना आत्ताच, या क्षणी कळली आहे. मग मुलींकडून त्या एक वाक्य म्हणवून घेत: उंची एकदा, घेर दोनदा. म्हणजे उंची दुप्पट केली तर पोटात दुप्पट मावतं, पण घेर दुप्पट केला तर चौपट, कारण घेर हिशेबात दोनदा येतो.

मला हे काही केल्या उमजेना. मी गणितात पहिल्यापासून ढ. शेवटी त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. "तुम्ही परकराचा घेर वाढवता, तेव्हा तो पुढून वाढतो का बाजूनं?" मी म्हटलं, "दोन्हीकडून वाढतो." "मग झालं! पुढून एकदा, बाजूनं एकदा. उंची बिचारी एकटी वर जाते." हातच्या काकणाला आरसा कशाला, तसं झालं. तेव्हापासून परकर बेतताना मला अनसूयाबाई आठवतात.

त्या मूळच्या देगलूरकडच्या. बारा-तेरा वर्षांच्या असताना लग्न झालं आणि वर्षभरात नवरा तापानं गेला. थोरला भाऊ हैदराबादेत सरकारी हिशेब खात्यात होता. त्यानं बहिणीला आणून शाळेमागच्या वसतिगृहात ठेवलं. जुन्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूत असल्यामुळे त्यांची सगळी भूमिती उर्दूतून झालेली होती. मुलींना शिकवताना त्या शंकू म्हणत, घनफळ म्हणत. पण हिशेब अडला किंवा अंगात उत्साह संचारला की शंकूचा 'मखरूत' व्हायचा आणि ओठांतल्या ओठांत आकडे उर्दूत पळायला लागायचे. मुलींना ते पाठ झालं होतं. बाई उर्दूत शिरल्या की आता काहीतरी मोठं निघणार, अशी त्यांची खात्री असे.

त्यांच्याबरोबर बेगम बाजारात जाणं ही एक परीक्षाच होती. एकदा आम्ही वसतिगृहासाठी डाळ आणायला गेलो. नेहमीच्या दुकानदारानं नवं माप आणलं होतं, चकचकीत, उंच आणि अरुंद तोंडाचं. त्यानं ते भरलं, वर डाळीचा छोटासा ढीग आला, आणि ते पोत्यात रिचवलं. अनसूयाबाईंनी त्याचा हात धरला. "शेठजी, शीग कुठं गेली?" शीग म्हणजे मापाच्या वर राहणारी धान्याची टोकदार रास. शीग लावूनच माप द्यायचं ही आपल्याकडची जुनी रीत. दुकानदार म्हणाला, "बाई, शीग आहे ना वर. आणि माप छापाचं आहे, बघून घ्या, जुन्याएवढंच." बाई म्हणाल्या, "माप तेवढंच हो, पण तोंड आवळलंत ना त्याचं! शीग रुंदीवर उभी राहते. तोंड रुंद असलं की शीग पसरते आणि पसरते तशी वरही चढते. तोंड दुप्पट केलं तर शीग आठपट!" त्यांनी तिथल्या तिथं त्याच्याच फळीवर एका वाटीवर आणि एका परातीवर डाळीच्या राशी करून दाखवल्या. दुकानापुढे ही गर्दी जमली. शेठजी हसून हसून बेजार झाला आणि त्यानं माळ्यावरून जुनं रुंद तोंडाचं माप काढलं. पुढे आम्ही लांबून दिसलो तरी तो पोऱ्याला हाक मारी, "अरे, वो चौडा माप निकाल, शीगवाली बाई आई!"

आता हे सगळं हसण्यावारी न्यायचं म्हटलं, तर नेता आलं असतं. पण एका धुळवडीला याच हिशेबावर पंचवीस मुलींचं शिक्षण टांगलं गेलं, आणि ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या आधीच्या नोव्हेंबरात राज्याची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य मोडलं आणि त्याचे तुकडे तीन दिशांना गेले. आमच्या वसतिगृहात मुली यायच्या त्या मुख्यतः तीन भागांतून, देगलूर, भालकी आणि आदिलाबाद. सगळ्या मराठी बोलणाऱ्या, सगळ्या शेतकऱ्यांच्या लेकी. एका रात्रीत देगलूर मुंबई राज्यात गेलं, भालकी म्हैसूर राज्यात आणि आदिलाबाद आंध्रात राहिलं. एका ताटात जेवणाऱ्या मुली झोपून उठल्या त्या तीन राज्यांच्या होऊन. अनसूयाबाईंच्या भावाची बदली औरंगाबादला झाली. तो बिऱ्हाड बांधून निघाला आणि बहिणीला म्हणाला, "चल, इथं आता आपलं काय राहिलं?" बाई म्हणाल्या, "माझ्या पोरींची मॅट्रिक राहिली."

वसतिगृहाची एक रीत होती. पालक फी देत नसत, ज्वारी देत. खळं झालं की गावाकडून धान्य येई, तेही वर्षातून तीन-चारदा, थोडं थोडं. आणि तिन्ही भागांची कणगी वेगळी असे. कणगी म्हणजे बांबूचा लांबलचक तट्टा गोल उभा करून त्यात धान्य साठवायचं. देगलूरची कणगी, भालकीची कणगी, आदिलाबादची कणगी. प्रत्येकीवर आपापलं हळदीकुंकू. कोणाची ज्वारी गोड आणि कोणाची भाकरी पांढरी यावर मुलींची भांडणं होत, आणि गावाकडची माणसं आली की पहिल्यांदा आपली कणगी बघून येत. दुसऱ्याची ज्वारी आपल्यात मिसळली तर बाटलो, असाच आव.

त्या वर्षी मात्र गावोगाव हूल उठली की आता नव्या हद्दींवर नाके बसणार आणि धान्याची गाडी अडवणार. झालं! पालकांनी वर्षाची ज्वारी एकदमच पाठवून दिली. धुळवडीच्या सकाळी तीन लॉऱ्या दारात उभ्या. पोती अडत्यांकडून उसनी आणलेली, ती दुसऱ्या दिवशी पहाटे परत न्यायची होती. म्हणून धान्य अंगणात जाजमांवर ओतलं गेलं, आणि दर लॉरीबरोबर आलेल्या तट्ट्याची नव्यानं एकेक कणगी मागच्या लांबोळक्या खोलीत उभी राहिली. भरता भरता तिन्ही कणग्या गळ्याशी आल्या. अंगणात बघावं तर निम्म्याहून जास्त ज्वारी तशीच पडलेली. नवे तट्टे आणावेत तर धुळवड, बुरूडगल्लीत सगळे रंगात न्हालेले, दुकानं बंद.

शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब सकाळी येऊन बघून गेले. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसांत सगळ्यांचेच पाय डळमळले होते. पांढऱ्याशुभ्र शेरवानीवर एक थेंबही रंग उडू न देता ते अंगणाच्या कडेनं फिरले आणि म्हणाले, "हे बघा बाई, या मुली आता दुसऱ्या राज्यांच्या. त्यांची सोय त्यांचं राज्य बघेल. धान्य उघड्यावर कुजलं तर जबाबदारी कोणाची? मी दिवेलागणीला येतो. तोवर सगळं छपराखाली गेलं असेल तर वसतिगृह चालू. नाही तर याच लॉऱ्यांत धान्य घाला आणि मुलीही घाला. बस, मामला खतम."

मुलींच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांत जास्त घाबरली ती कौसा. देगलूरची, नववीतली, गणितात अशी तल्लख की अनसूयाबाई तिच्यावर जीव टाकत. तिचे वडील दाजीबा लॉरीतल्या पोत्यांवर बसून आले होते. त्यांनी तिला आल्या आल्या सांगून टाकलं होतं की पाहुणे बघून गेलेत, घर चांगलं आहे, इथली सोय मोडली तर याच महिन्यात लग्न उरकून टाकू. कौसा पळत अनसूयाबाईंकडे आली. तिच्या गालांवर मैत्रिणींनी लावलेला गुलाल होता आणि त्यातून ओघळ गेले होते.

"बाई, मला न्यूलालेत."

"कोण नेतंय?"

"बा. जवारी मावंना म्हनून."

अनसूयाबाई तेव्हा वरच्या खोलीत केसांतला रंग धूत होत्या. मी त्यांच्या केसांवर पाणी घालत होते. त्यांनी ते ओले, लाल केस तसेच गुंडाळले आणि खाली आल्या. खोलीत डोकावून तिन्ही कणग्या बघितल्या. मग अंगणातल्या राशी बघितल्या. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मी जवळ जाऊन ऐकलं, तर उर्दू! म्हणजे आता काहीतरी मोठं निघणार. आणि पुढच्याच क्षणी माझ्या गळ्यातली टेप गेली.

"कुमुदबाई," त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की लॉरीचे ड्रायव्हरही वळून बघायला लागले, "परकराला तीन पाट जोडले तर घेर किती होतो?"

"तिप्पट."

"मग हे तीन तट्टे एकापुढे एक जोडले तर?"

"तिप्पट घेराची एक कणगी होईल. पण बाई, तीन कणग्यांत मावतं तेवढंच त्या एकीत मावणार ना? तट्टे तर तेच."

"नक्को!" बाईंनी हातावर हात मारला. "अहो, उंची तीच ठेवली, घेर तिप्पट केला. आणि घेर किती वेळा?"

अंगणाच्या कोपऱ्यातून पंचवीस गळे ओरडले, "दोनदा!"

"म्हणजे तीन त्रिक?"

"नऊ!"

"वेगळ्या वेगळ्या ठेवल्या तर तीन कणग्या. जोडून एक केली तर नऊ कणग्यांचा माल तिच्यात!" बाई लहान मुलीसारख्या उड्या मारत होत्या. पण दाजीबा आणि बाकीचे बाप मख्ख उभे. शाळेतली फुटाण्यांची जादू त्यांनी कुठे बघितली होती? बाईंनी काडीनं जमिनीवर एक लहान गोल काढला, दोरीनं मोजून तिप्पट घेराचा मोठा गोल काढला, आणि दाजीबांच्याच हातात वाटी दिली. "भरा. एकावर एक दाणा चढू देऊ नका, नुसता थर द्या." लहान गोलात एक वाटी ज्वारी बसली. मोठ्या गोलात दाजीबा वाटीमागून वाटी ओतत गेले. तिसरी झाली, सहावी झाली, त्यांची मान हळूहळू वाकडी होत गेली, आणि नववी ओतली तेव्हा गोल भरला. दाजीबांनी पटका काढून डोकं खाजवलं.

"हे तर खरंच हाय की वो! पर बाई..." ते अडखळले. "मंग जवारी मिसळंल की सगळी. आमची त्यांच्यात, त्यांची आमच्यात."

भालकीचे पाटील लगेच म्हणाले, "तेच म्हंतो मी. आमचा शाळू कुठं, ह्यांची जवारी कुठं."

बाहेर रस्त्यावर धुळवडीचे डफ वाजत होते. मला वाटलं, आता बाई चिडणार. पण त्या चिडल्या नाहीत. साध्या आवाजात म्हणाल्या, "दाजीबा, मीही देगलूरचीच. या वसतिगृहात आले तेव्हा आमच्या कणगीत महिनाभर दाणा नव्हता, रस्ता वाहून गेला होता. तेव्हा मला भालकीच्या पोरींनी आपल्या वाटणीची भाकर दिली. ती ज्वारी माझ्या अंगात केव्हाच मिसळून गेली. आता मला निवडून वेगळी कशी करणार?"

आणि मग कौसा पुढे झाली. तिनं देगलूरच्या राशीतून ओटीभर ज्वारी घेतली, सरळ चालत गेली आणि भालकीच्या राशीवर ओतली. बापाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. भालकीची एक मुलगी उठली, तिनं ओटी भरून आदिलाबादच्या राशीवर ओतली. मग काय विचारता! सगळ्या मुली उठल्या. ओट्या, टोपल्या, सुपं, जे हाताला लागेल ते घेऊन त्या इकडची तिकडे आणि तिकडची इकडे नेऊ लागल्या. रंगानं लाल-हिरव्या झालेल्या पोरी आणि मध्ये मोत्यासारखी ज्वारी. तशी धुळवड मी पुन्हा पाहिली नाही. पाटलांनी "अगं, अगं," म्हणून पाहिलं, पण त्यांचीच लेक सगळ्यांत पुढे होती. घटकाभरात तीन राशींची एकच भली मोठी रास झाली.

पुढचं काम माझं. कणग्यांतली ज्वारीही त्याच राशीवर ओतून तट्टे आडवे पसरले आणि मी दाभण आणि सुतळी घेऊन बसले. शिवणाच्या बाईला आयुष्यात कधी एवढ्या मोठ्या परकराची शिलाई करावी लागली नसेल. दाजीबा तट्ट्याची कड दाबून धरत आणि मी टाके घालत होते. बोटं सोलून निघाली, पण मला काही जाणवत नव्हतं. तीन जोड घातल्यावर तो गोल खोलीत उभा केला, तेव्हा तो जवळजवळ दोन्ही भिंतींना टेकला. बाहेरून दोरखंडांचे आवळे दिले. जमीन सारवून कडुनिंबाचा पाला अंथरला.

ज्वारी आत न्यायच्या आधी अनसूयाबाईंनी सगळ्यांना थांबवलं. त्यांना राशीचा हिशेब करायचा होता. "ही रास म्हणजे शंकू. आणि शंकू म्हणजे त्याच बुडाच्या, त्याच उंचीच्या कणगीचा फक्त तिसरा हिस्सा." त्यांनी राशीभोवती दोरी फिरवली, उतारावर काठी लावून टोकाची उंची काढली, भिंतीवर कोळशानं आकडे मांडले, उर्दूत पुटपुटल्या, आणि मग बोट गुलालात बुडवून कणगीच्या आतल्या बाजूनं एक लाल रेघ ओढली. "ज्वारी बरोबर इथपर्यंत येईल. एक बोट वर नाही, एक बोट खाली नाही."

रेघ काठाच्या बरीच खाली होती. एवढा ढीग इतक्या खाली कसा राहील, यावर कोणाचा विश्वास बसेना. मुलींनी रांग लावली आणि टोपल्या हातोहात आत जायला लागल्या. ज्वारी चढत होती, ऊन उतरत होतं. वकीलसाहेब दिवेलागणीला आले तेव्हा कौसा आणि दोन मुली कणगीत उतरून फळीनं ज्वारी सपाट करत होत्या आणि अंगण झाडून स्वच्छ झालं होतं. जाजमावर एक दाणा नव्हता. वकीलसाहेबांनी खोलीत पाहिलं, अंगणात पाहिलं, पुन्हा खोलीत पाहिलं. मुलींनी असा काही गलका केला की रस्त्यावरचे डफवाले आत आले. दाजीबांनी पटका हवेत उडवला. मी तर आनंदानं मावशींना मिठी मारली.

आणि अनसूयाबाई? त्या कणगीच्या काठाला धरून, चेहरा पाडून उभ्या होत्या.

"चार बोटं कमी," त्या म्हणाल्या.

खरंच, ज्वारी लाल रेघेच्या चार बोटं खाली थांबली होती. "अहो बाई, सगळी मावली ना!" मी म्हटलं. पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी चिमण्यांवर संशय घेतला, ड्रायव्हरांवर घेतला, अंगणात जाऊन जाजमं झटकून आल्या. भिंतीवरचे आकडे पुन्हा तपासले. आणि एकदम कपाळावर हात मारून एवढ्या मोठ्यानं हसल्या की वकीलसाहेब दचकले. "माथा! अहो, राशीचा माथा बोथट होता! पोरींनी ओट्या ओतून ओतून चपटा केला होता, आणि मी हौलीनं, वेडीनं, तो टोकदार धरला!" वसतिगृह वाचल्यापेक्षा चूक सापडल्याचा आनंद त्यांना जास्त झाला, असं मी अजूनही म्हणते.

वकीलसाहेब हसत म्हणाले, "बाई, चार बोटं जागा शिल्लक राहिली. त्याचं एवढं काय मनावर घेता?"

"शिल्लक राहिली?" बाई थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा ती चमक आली. "शिल्लक कशी राहील, साहेब? आणखी चार पोरी आणा. त्यांची सोय झाली."

वकीलसाहेबांनी दोन्ही हात जोडले. "जीत गए आप, बाई." तेवढ्यात मागून कोणीतरी त्यांच्या शेरवानीवर लाल रंगाची अख्खी पिचकारी रिकामी केली. कोणी, ते आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. मला संशय आहे तो अनसूयाबाईंवरच. दुसऱ्या दिवशी पहाटे लॉऱ्या रिकामी पोती घेऊन गेल्या. निघताना दाजीबांनी कौसाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हा. पावण्यांस्नी सांगतो मी, पोरीची कणगी भरलीया म्हनून."

ते वर्ष सगळ्यांनी मिसळीची भाकर खाल्ली. कोणाची ज्वारी गोड हे भांडण बंद पडलं. माझ्या तोंडाला मात्र तशी गोड भाकर पुन्हा लागली नाही. कौसा आणि तिच्या वर्गातल्या मुली पुढच्या वर्षी मॅट्रिक झाल्या. त्या रिझल्टच्या दिवशी बाई गौलीगुड्याच्या भर रस्त्यावर पेढे वाटत धावत होत्या, काष्टा सुटायला आला तरी भान नव्हतं.

पुढे हळूहळू देगलूरच्या मुली नांदेडला, भालकीच्या बीदरला शिकायला लागल्या, आणि वसतिगृह आपोआप ओसरलं. औरंगाबादच्या भावानं पुष्कळ हाका मारल्या, पण बाई गेल्या नाहीत. हैदराबादेतच, हिमायतनगरात दोन खोल्या घेऊन राहिल्या. शाळेत आता अशा मुली येऊ लागल्या, की घरात मराठी, गल्लीत दखनी, दुकानात तेलुगू, आणि मराठी पुस्तक वाचताना अक्षर अक्षर जुळवायचं. बाईंनी त्याचाही बाऊ केला नाही. "नळी कोणत्याही भाषेत गुंडाळली तरी फुटाणे तेवढेच मावतात," म्हणायच्या. माझी टेप त्यांनी धुळवडीच्या दिवशी घेतली ती मात्र कधीच परत दिली नाही. मी मागितली की म्हणत, "देते की. सबूर करा जरा."

गेल्या त्याही अशाच, घाईत. सकाळी शेजारच्या मुलीला शंकूचं उदाहरण घातलं आणि तिचं उत्तर यायच्या आधीच. मुलगी उत्तर घेऊन आली, ते बरोबर होतं. मला त्याचंच सगळ्यांत जास्त रडू आलं, की ते बरोबर उत्तर ऐकायला बाई नव्हत्या. एरवी केवढा आरडाओरडा केला असता त्यांनी!

शोकसभा आम्ही शाळेमागच्या त्याच लांबोळक्या खोलीत ठेवली. कळवलं होतं मोजक्याच जणींना. पण निरोप पोचत गेला आणि तीन राज्यांतून बायका येत राहिल्या. कोणी बसनं आल्या, कोणी आगगाडीनं, कोणी लेकाच्या स्कूटरवर. केस पिकलेल्या, नातवंडं झालेल्या. सतरंज्यांवर रांगा धरून बसलो होतो, आणि बघता बघता खोली भरली. दारात बायका उभ्या राहायला लागल्या. तेव्हा कौसा उठली. आता ती देगलूरच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, पण आवाज अजून तोच.

"रांगा मोडा, बाई," ती मला म्हणाली. "गोल बसू."

आम्ही उठलो आणि दाटीनं एकात एक गोल केले. दारातल्या सगळ्या आत आल्या. आणखी चार-सहा जणी आल्या, तेव्हा कौसा म्हणाली, "एकेक पाऊल मागं सरका," आणि त्याही बसल्या. कोणी बाईंची नक्कल करत होतं, कोणी हसत होतं, कोणी एकदम हुंदका देत होतं. कोणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. माझी पाठ आता भिंतीला टेकली होती. तेवढ्यात दारात आदिलाबादची एक म्हातारी येऊन उभी राहिली, हातात पिशवी, प्रवासानं दमलेली. तिनं आत नजर टाकली आणि संकोचानं म्हणाली, "राहू द्या, मी इथंच बसते उंबऱ्यावर. आत जागा दिसत नाही."

"घेर वाढवा!" एकदम सगळ्या ओरडल्या, आणि भिंतीला टेकलेल्या आम्ही भिंतीला आणखी चिकटून बसलो. ती आत आली, माझ्या आणि कौसाच्या मध्ये मांडी घालून बसली. आणि तिच्या बाजूला अजून चार बोटं जागा शिल्लक होती.